नकाशातला ल

पुढं वाचण्याआधी एक छोटा प्रयोग करा. तुमच्या फोनवर हे दोन शब्द नीट बघा: लाल शाल. यातला ल कसा दिसतोय? शिरोरेषेखाली दोन पाकळ्या लोंबताहेत, की शेवटी उभा दंड देऊन अक्षर संपवलंय? पहिला ल आपण मराठी शाळेत पाटीवर गिरवलेला, दुसरा हिंदीच्या पुस्तकातला. दोन्ही देवनागरीच, दोन्ही बरोबरच. पण यातला कोणता तुमच्यासमोर यावा हे मी ठरवलेलं नाही आणि तुम्हीही नाही. ते ठरवलंय तुमच्या फोनमधल्या फॉन्टनं, आणि हा मजकूर मराठी आहे हे त्या फॉन्टपर्यंत पोचलंय की नाही यानं.

हे सगळं मला कळलं ते एका फजितीमुळे.

२०१९ च्या महापुरानंतर कृष्णाकाठच्या एका गावासाठी मी नकाशा केला होता. पाणी कुठवर येतं, उंचावरची शाळा कुठली, तिकडे जायची वाट कोणती, ॲम्ब्युलन्सचा नंबर काय. माझ्या लॅपटॉपवर तो देखणा दिसत होता. फाईल घेऊन छपाईच्या दुकानात गेलो आणि तिथल्या जुन्या संगणकावर ती उघडली. 'पूर आल्यास इथे यावे' ही ओळ फुगून थेट नदीच्या पात्रात शिरली होती. 'ॲम्ब्युलन्स' या शब्दातला पहिला ॲ गायब होऊन तिथं एक रिकामा चौकोन बसला होता.

"फॉन्ट आणला नाही का सोबत?" दुकानदारानं विचारलं.

चित्रासोबत फॉन्ट आणायचा असतो हे मला माहीत नव्हतं. आपण फोटो पाठवतो तेव्हा कुठं काय सोबत पाठवतो?

चित्र की चिठ्ठी?

फोटो म्हणजे रंगीत ठिपक्यांची जाळी. त्यात अक्षरं असली तरी तीही ठिपकेच, त्यामुळे जशी पाठवली तशीच दिसतात. मोठी केली की मात्र फुटतात. व्हेक्टर चित्राचं तसं नाही. ते चित्र नसून चिठ्ठी असते: इथून तिथवर निळी रेघ ओढा, इथं वर्तुळ काढा, त्याच्या शेजारी अमुक फॉन्टमध्ये 'शाळा' असं लिहा. जो संगणक ही चिठ्ठी उघडतो तो त्या क्षणी चित्र काढतो. म्हणून व्हेक्टर चित्र कितीही मोठं केलं तरी फुटत नाही. पण चिठ्ठीत नाव असलेला फॉन्ट त्या संगणकाकडे नसेल, तर तो हाताशी येईल तो दुसरा फॉन्ट वापरतो. त्याची अक्षरं रुंद असली की ओळ नदीत जाते. आणि एखादं अक्षर कुठल्याच फॉन्टमध्ये सापडलं नाही की चौकोन उमटतो. या चौकोनांना फॉन्टच्या जगात 'टोफू' म्हणतात, पनीरासारख्या दिसणाऱ्या त्या वडीवरून.

वेबवरच्या अशा चिठ्ठ्यांची प्रमाण भाषा म्हणजे एसव्हीजी. वेबचे नियम ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेनं तिची पहिली आवृत्ती सप्टेंबर २००१ मध्ये मान्य केली. अक्षरांची अडचण तेव्हाही ठाऊक होती. त्यावर उपाय म्हणून फॉन्टसुद्धा त्याच चिठ्ठीत लिहायची सोय केली गेली: प्रत्येक अक्षराचा आकार चित्रातच द्यायचा. रोमन लिपीचं त्यावर भागलं. देवनागरीचं भागेना. 'कि' लिहिताना वेलांटी उच्चारात नंतर येते पण कागदावर आधी बसते. 'र्क' मधला र् पुढच्या अक्षराच्या डोक्यावर चढतो. क आणि ष मिळून क्ष हा तिसराच आकार होतो. ही सगळी हलवाहलव करण्याइतकी अक्कल त्या सोयीत नव्हती. पुढे ब्राउझरांनीही तिच्याकडे पाठ फिरवली आणि २०१४ मध्ये क्रोमनं ती बहुतेक ठिकाणी काढून टाकली.

आकार कोणाचे?

मग चित्रं चालत कशावर होती? सगळ्यांकडे असतीलच अशा गृहीत धरलेल्या फॉन्टवर.

१९५७ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये हेल्व्हेटिका तयार झाला. १९८२ मध्ये मोनोटाइप कंपनीनं एरियल केला, आणि त्यात एक हुशारी होती. प्रत्येक अक्षराची रुंदी हेल्व्हेटिकाइतकीच ठेवली होती. एकाच्या जागी दुसरा घातला तरी एकही ओळ हलत नाही. १९९६ मध्ये मायक्रोसॉफ्टनं एरियल, व्हर्डाना, जॉर्जिया असे काही फॉन्ट कोणालाही फुकट उतरवून घेता येतील असे ठेवले. लोकांनी ते उतरवले आणि वेबभर वापरले. २००२ मध्ये कंपनीनं ते दार बंद केलं. फुकट आणि मुक्त यातला फरक तेव्हा अनेकांना समजला. फुकट म्हणजे आज पैसे पडत नाहीत. मुक्त म्हणजे उद्या कोणाला काढून घेता येत नाही, आणि चुकलेलं अक्षर दुरुस्त करून पुढं वाटताही येतं.

त्यानंतरची काही वर्षं मुक्त फॉन्टची. २००३ मध्ये बिटस्ट्रीम व्हेरा आला आणि त्यात भर घालत देजाव्हू वाढला. २००७ मध्ये रेड हॅट कंपनीनं लिबरेशन हे फॉन्ट खुले केले. त्यांची रुंदी एरियल आणि टाइम्स न्यू रोमनशी जुळवलेली. हेल्व्हेटिकाची जागा एरियलनं घेतली त्याच युक्तीनं एरियलची जागा आता मुक्त फॉन्टनं घेतली.

याचा सर्वांत मोठा उपयोग विकिपीडियाला झाला. विकिपीडियावर दिसणारे नकाशे आणि आकृत्या विकिमीडिया कॉमन्सवर ठेवलेल्या असतात. एसव्हीजी फाईल असेल तर तिथला सर्व्हर आधी ती स्वतः उघडतो, चित्र काढतो आणि त्याचं पीएनजी करून वाचकाला पाठवतो. म्हणजे फॉन्ट वाचकाच्या फोनमध्ये नाही, सर्व्हरवर हवा. आणि तिथं फक्त मुक्त फॉन्टच बसवलेले असतात. कोणी आकृतीत एरियल लिहिलं तर सर्व्हर लिबरेशन वापरतो आणि काहीही बिघडत नाही.

एरियलला असा मुक्त जुळा मिळाला. देवनागरीला मात्र तो मिळाला नव्हता.

आपल्या अक्षरांची गोष्ट

नव्वदच्या दशकाच्या शेवटी मराठी वर्तमानपत्रांच्या वेबसाइट सुरू झाल्या, तेव्हा वाचायच्या आधी त्यांचा फॉन्ट उतरवून घ्यावा लागे. प्रत्येकाचा वेगळा. त्या फॉन्टमध्ये रोमन अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले असत, त्यामुळे फॉन्ट नसला की बातमीच्या जागी रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा काला दिसे. युनिकोडनं हा घोळ मिटवला. ल साठी सगळ्या जगात एकच क्रमांक ठरला. पण युनिकोडनं क्रमांक दिला, आकार दिला नाही. आकारासाठी फॉन्ट लागतोच.

विंडोज २००० सोबत मंगल हा देवनागरी फॉन्ट आला. तो रेखाटला होता मुंबईच्या र. कृ. जोशींनी. कवी, सुलेखनकार, आयआयटीतले शिक्षक. मंगलमुळे लाखो लोकांनी पहिल्यांदा पडद्यावर युनिकोड देवनागरी वाचली. पण तो विंडोजचा फॉन्ट होता. लिनक्स सर्व्हरवर तो नेऊन ठेवायची परवानगी नव्हती. याच जोशींनी मुंबईतल्या एनसीएसटी या सरकारी संस्थेत काम करताना देवनागरीचे मुक्त परवान्याचे फॉन्टही केले. एकाच हाताची अक्षरं, काही कुलपात आणि काही उघड्यावर.

रेड हॅटनं भारतीय लिप्यांसाठी लोहित फॉन्ट खुले केले आणि त्यांची पुढची मशागत बरीचशी पुण्यात झाली. लोहित म्हणजे तांबडा, कंपनीच्या लाल टोपीवरून. २००७ मध्ये एसआयएल या संस्थेच्या 'ओपन फॉन्ट लायसन्स'ची आजची आवृत्ती आली. तिच्या अटी सोप्या आहेत: फॉन्ट वापरा, चित्रात घाला, बदला, वाटा; फक्त नुसता फॉन्ट सुटा विकू नका, आणि बदललेला फॉन्टही याच अटींवर द्या. २०११ मध्ये लोहितही याच परवान्याखाली आला. गूगलच्या 'नोटो'चं नावच 'टोफू नको' यावरून पडलंय. मुंबईच्या एक टाइप या गटाचे मुक्ता आणि बलू हे फॉन्टही याच परवान्याचे.

माझ्या नकाशातल्या चौकोनाचं मूळही या इतिहासात सापडलं. ॲ हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं. त्याआधी केलेल्या फॉन्टमध्ये ते असणारच नाही. दुकानातला संगणक त्याहून जुन्या अक्षरांवर चालला होता, आणि ॲम्ब्युलन्स तिथंच अडली.

शिळाछापाचा मोह

दुकानदारानं त्या दिवशी तोडगा काढून दिला. "अक्षरांच्या बाह्यरेषा करा. मग फॉन्ट लागतच नाही." मी घरी जाऊन तसं केलं. प्रत्येक अक्षर नुसती आकृती झाली, नकाशा हुबेहूब छापला गेला, शाळेच्या भिंतीवर लागला.

पुढच्या वर्षी ॲम्ब्युलन्सचा नंबर बदलला.

फाईल उघडली तर तिच्यात नंबर नव्हताच. आकड्यांच्या आकाराचे डाग होते. शोधलं तर गावाचं नाव सापडेना. स्क्रीन रीडर वापरणाऱ्या एका मैत्रिणीला नकाशा पाठवला होता, तिच्या फोननं त्यातला एक शब्दही वाचून दाखवला नाही. डोळ्यांना दिसणारं मराठी त्या फाईलमध्ये कुठेच नव्हतं.

मराठी छपाईत ही निवड नवी नाही. १८३१ मध्ये गणपत कृष्णाजींनी मुंबईत पंचांग छापलं ते शिळाछापावर. अख्खं पान दगडावर चित्रासारखं उमटवायचं. अक्षर सुंदर येतं, पण एक तिथी बदलायची तर पान नव्यानं लिहावं लागतं. पुढे जावजी दादाजींच्या निर्णयसागरचे खिळे आले आणि ते इतर छापखानेही विकत घेऊ लागले. खिळा उचलून दुसरा ठेवला की दुरुस्ती झाली. बाह्यरेषा म्हणजे आजचा शिळाछाप. मुक्त फॉन्ट म्हणजे असे खिळे, जे कोणालाही न विचारता घेता येतात, आणि झिजले तर स्वतः घासून नीटही करता येतात.

बोधचिन्हाला किंवा एकदाच छापायच्या पत्रिकेला शिळाछाप चालेल. उद्या बदलेल, कोणी शोधेल, कोणाला ऐकावं लागेल, अशा गोष्टीला चालणार नाही.

फॉन्ट निवडताना

नकाशा मी पुन्हा केला, या वेळी अक्षरं अक्षरंच ठेवून. त्यातून शिकलेलं थोडक्यात सांगतो.

आधी परवाना बघा. 'फ्री डाउनलोड' लिहिलेलं पुरेसं नाही. ओपन फॉन्ट लायसन्स किंवा तसाच मुक्त परवाना आहे का ते बघा. मग चित्र नेमकं कोण काढणार हे बघा. कॉमन्सवर सर्व्हर काढतो, म्हणून तिथं बसवलेल्या फॉन्टचंच नाव द्या. तुमच्या स्वतःच्या पानावर साधं चित्र म्हणून लावलेली एसव्हीजी बाहेरून फॉन्ट मागवू शकत नाही. सुरक्षेसाठी ब्राउझर ते रोखतो. अशा वेळी फॉन्ट फाईलच्या आतच घालावा लागतो, आणि ती परवानगी मुक्त परवान्यात असतेच. फाईल हलकी करायला फॉन्टमधली न लागणारी अक्षरं कापाल तर जपून: क आणि ष ठेवले आणि क्ष कापला, तर जोडाक्षर फुटणार. कॉमन्सवर मात्र आत घातलेला फॉन्ट चालत नाही. फॉन्टचं एकच नाव देऊन थांबू नका, त्यामागे एकदोन पर्यायही लिहा, आणि नावाभोवती थोडी जागा मोकळी सोडा. दुसरा फॉन्ट आला तरी ओळ नदीत जाणार नाही.

मग तीन शब्द टाकून बघा. 'ॲम्ब्युलन्स': चौकोन येतोय का? 'दर्या' आणि 'दऱ्या': समुद्र आणि दोन डोंगरांमधली खोल जागा वेगळी दिसतेय का? नकाशात ही चूक परवडत नाही. आणि 'लाल शाल'.

या शेवटच्या परीक्षेत फॉन्ट एकटा पुरत नाही. मराठी आणि हिंदी ल चा क्रमांक एकच. राज्य सरकारनं २००९ च्या शासन निर्णयात मराठी वर्णमालेची रूपं ठरवून दिली, पण संगणक शासन निर्णय वाचत नाही. लोहित आणि नोटोसारख्या फॉन्टमध्ये दोन्ही आकार असतात. कोणता काढायचा हे त्यांना भाषेच्या खुणेवरून कळतं. चित्रातल्या मजकुराला 'एमआर', म्हणजे मराठी, अशी दोन अक्षरांची खूण दिली की पाकळ्यांचा ल येतो. ती दिली नाही तर फॉन्ट आपल्या सवयीचा आकार काढतो, आणि ती सवय बहुधा हिंदीची असते.

नव्या नकाशात ती खूण आहे. ॲम्ब्युलन्सचा नंबर त्यानंतर पुन्हा एकदा बदलला. तो बदलायला शाळेतल्या बाईंना माझी गरज लागली नाही. त्यांनी फाईल उघडली, आकडे खोडले, नवे लिहिले. नकाशातल्या एका गावाच्या नावात दोन ल आहेत. दोन्हींना पाकळ्या आहेत.