पोलादाचा थकवा



वर्धा जिल्ह्याच्या समुद्रपूर तालुक्यांत जाम नांवाचें गांव आहे. नागपूर-हैदराबाद महामार्गाला चंद्रपूरचा रस्ता तेथें मिळतो. महामार्ग सोडून आंत वळलें, कीं दोहों बाजूंस काळी जमीन लागते. ही माती पावसाळ्यांत फुगते, उन्हाळ्यांत भेगाळते, आणि तिच्यावरील सडकहि तिच्याबरोबर वरखालीं होते. अशा सडकेवर एखाद्या मालमोटारीचा पाटा, म्हणजे चाकावरील पोलादी कमान, अगदीं लहानशा खड्ड्यांत तुटते. त्याहून मोठे खड्डे त्याच गाडीनें शेंकडों वेळां पार केलेले असतात. मग येथेंच कां तुटावी? या प्रश्नाचा इतिहास आज सांगावयाचा आहे.

त्याचा आरंभ एका भयंकर अपघातानें झाला. ८ मे १८४२ रोजीं व्हर्सायहून पॅरिसला परतणाऱ्या आगगाडीच्या एंजिनाचा आंस मोडला. मागचे डबे एकमेकांवर चढून पेटले, आणि त्यांचीं दारें तर कुलुपबंद होतीं! निदान पन्नास माणसें प्राणास मुकलीं. दक्षिण ध्रुवाकडील सफरींनीं प्रसिद्ध झालेला द्युमाँ द’उर्व्हिल पत्नी व पुत्र यांसह त्यांतच गेला. हादरे बसून बसून लोखंडाचे आंत स्फटिक बनतात व तें ठिसूळ होतें, अशी त्या काळीं पुष्कळांची समजूत होती.

ऑगुस्ट व्होलर या जर्मन रेल्वे-इंजिनियरानें समजुतीवर विसंबून न राहतां मोजमाप आरंभिलें. धांवत्या गाडीच्या आंसाला किती बांक येतो हें त्यानें प्रथम मोजलें, आणि मग यंत्रशाळेंत आंस फिरते ठेवून त्यांना लक्षावधि वेळां बांक दिला. जें ओझें एकदां घातल्यास आंसाला ढिम्म होत नाहीं, तेंच पुनःपुन्हां दिल्यास तो मोडतो, हें त्यानें सिद्ध केलें. त्याचे निष्कर्ष १८७० सालीं पूर्णपणें प्रसिद्ध झाले. माझ्या मतें त्याची खरी थोरवी यांत आहे कीं, प्रयोगशाळेंत शिरण्यापूर्वीं तो रुळांवर गेला.

मोटारीचें दुखणें अधिक गुंतागुंतीचें. सडकेचे कोणतेहि दोन धक्के सारखे नसतात. १९२४ सालीं पामग्रेननें व १९४५ सालीं माइनरनें त्याचा हिशेब मांडला: प्रत्येक धक्का धातूच्या आयुष्यांतून आपला वांटा वजा करतो. वाण्याच्या खतावणीसारखीच ही रीत! पुढें १९३८ च्या सुमारास निघालेली तारेची चिकटपट्टीहि या कामीं आली. ती धातूवर डकवली, कीं धातूला पडणारा ताण विजेच्या प्रवाहावरून वाचतां येतो.

आपल्याकडे लष्करी वाहनांची पारख करणारी संस्था १९४७ सालीं रावळपिंडीजवळील चकलाला येथून अहमदनगरास आली. त्या शहराचें नांव आतां अहिल्यानगर आहे. पुण्यास १९६६ सालीं कारखानदार व केंद्र सरकार यांच्या सहकार्यानें ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया स्थापन झाली. तेथें गाडीच्या चारी चाकांखालीं तेलाच्या दाबावर चालणारे दट्टे असतात. खऱ्या रस्त्यावर टिपून आणलेले धक्के ते जसेच्या तसे देतात. निरुपद्रवी धक्के गाळल्यामुळें वर्षांची झीज कांहीं आठवड्यांत उरकते. अर्थात् टिपण ज्या रस्त्याचें, निकालहि त्याच रस्त्याचा. युरोपांतील फरसबंदीवर उतरलेला सांगाडा आमच्या काळ्या मातीच्या सडकेवर, आणि तोहि वाजवीहून अधिक माल लादलेला, किती दिवस टिकेल हें त्या टिपणावरून कळणार नाहीं.

जामजवळ तुटलेल्या त्या पाट्याचें तोंड एकदां पाहावें. त्याचा एक भाग गुळगुळीत व काळवंडलेला दिसतो. तेथें चीर कितीतरी दिवस मुंगीच्या पावलानें सरकत होती. उरलेला भाग खरबरीत व चकचकीत. तो शेवटच्या खड्ड्यांत एका क्षणीं तुटला. ही चकाकी पाहूनच पूर्वींचे लोक स्फटिक बनले म्हणून फसले होते.