बालाघाटातील अल्पगृह : एक विवेचन

ज्या घरात क्षेत्रफळाच्या मर्यादेमुळे प्रत्येक क्रियेला स्वतंत्र खोली देता येत नाही, त्यास येथे अल्पगृह म्हटले आहे. प्रधानमंत्री आवास योजनेने 2016 पासून ग्रामीण घरकुलाचे किमान क्षेत्र 25 चौरस मीटर, म्हणजे सुमारे 269 चौरस फूट, ठरवले आहे. स्वयंपाकाची जागा त्यातच धरली आहे. बालाघाट डोंगररांगेतल्या बीड जिल्ह्यातील घरकुल या अर्थाने अल्पगृह होय. एकाची आवश्यक क्रिया दुसऱ्याच्या आवश्यक क्रियेच्या आड न येता पार पडणे, म्हणजे सोय. या व्याख्येत क्षेत्रफळाचा उल्लेख हेतुतः केलेला नाही.

घरातील क्रिया तीन प्रकारच्या असतात.

(1) क्रमिक : भोजन, अभ्यास, निद्रा. या एकामागून एक घडतात. त्यांना एकच जागा पुरते.

(2) विविक्त : स्नान, वस्त्रांतर, बाळंतिणीचा विसावा. यांना जागा थोडी लागते, पण आडोसा पूर्ण लागतो.

(3) अखंड : धान्य, वाकळा, पेटी यांची साठवण. ही अहोरात्र जागा अडवते.

यावरून पहिल्या वर्गाला जमीन द्यावी, दुसऱ्याला भिंत, तिसऱ्याला भिंतीची जाडी आणि माथ्यावरची उंची. जुन्या घरांतील देवळी, फडताळ व भिंतीतले बळद ही तिसऱ्या वर्गाचीच उत्तरे होती. घरकुलाच्या नऊ इंची भिंतीत बळद बसत नाही. देवळी बसते, आणि दाराच्या उंचीवर लांब फळी बसते. स्वयंपाक मात्र वेगळा धरावा लागतो, कारण त्याचा धूर आणि त्याची उष्णता आपली जागा सोडून इतरांच्या जागेत शिरतात.

आता निवासी कोण, हे पाहू. येथे सामान्य हिशेब चुकतो. धारूर, वडवणी, केज, पाटोदा, शिरूर कासार या भागांतील असंख्य कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. पती-पत्नीची जोडी हा एक ‘कोयता’. मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतली की कुटुंब त्या हंगामाला बांधील होते. गावी राहतात वृद्ध आणि काही मुले. म्हणजे एकाच घराचे दोन काल आहेत : हंगामकाल, जेव्हा घरात दोन-तीन माणसे असतात, आणि गावकाल, जेव्हा सर्व असतात. घर सर्वांत भरलेले असते ते एप्रिल-मे महिन्यांत, पारा चाळीस अंशांच्या वर असताना. गर्दी आणि उष्मा एकाच वेळी येतात. बीडच्या अल्पगृहाचा मुख्य प्रश्न हाच आहे.

हंगामात हेच कुटुंब कोपीत राहते. बांबू वाकवून त्यावर चटई वा प्लास्टिकचा कागद टाकला की कोपी होते. आत वाकूनच शिरावे लागते, चूल बाहेर, आणि न्हाणीला आडोसा नसल्याने स्त्रिया उजाडण्यापूर्वी आंघोळ उरकतात. क्रमिक क्रिया कोपीत कशाबशा साधतात; विविक्त क्रिया मुळीच साधत नाहीत. सहा महिने ज्या स्त्रीला आडोसा मिळाला नाही, तिच्या घरकुलात न्हाणी ही बचतीची बाब ठरू नये.

उष्म्याचे निवारण प्रथम छताने होते. पत्रा दुपारी तापतो, पण रात्री लवकर निवतो. स्लॅब दिवसभर उष्णता साठवून रात्री, नेमकी झोपेच्या वेळी, खाली सोडतो. मातीचे माळवद दोन्ही दोषांपासून मुक्त होते, परंतु 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारी भूकंपात अशा जड छतांखाली व मातीत रचलेल्या दगडी भिंतींखाली हजारो माणसे दबून मेली. म्हणून माळवदाचे वजन टाकावे आणि त्याचे गुण अन्य मार्गांनी मिळवावेत. स्लॅबवर दर उन्हाळ्यापूर्वी चुन्याचा पांढरा हात दिल्यास बरेचसे ऊन परावर्तित होते. खर्च नगण्य आहे. माळवदातील साण्याचे, म्हणजे छतातील उजेडाच्या छिद्राचे, काम समोरासमोरच्या भिंतींत वर ठेवलेल्या झरोक्यांनी होते : तापलेली हवा वरून निघून जाते.

आता रचना. राष्ट्रीय बांधकाम संहिता निवासी खोलीसाठी किमान 9.5 आणि स्वयंपाकघरासाठी 5 चौरस मीटर सांगते. एका माणसास झोपण्यास सहा बाय अडीच, म्हणजे पंधरा चौरस फूट लागतात, पाचांस पंच्याहत्तर. साडेनऊ चौरस मीटरांची खोली सुमारे 102 चौरस फुटांची असते, तेव्हा ती पुरते, जर पेटी आणि पोती जमिनीवर नसतील. खोली व स्वयंपाकघर वजा जाता, भिंतींची जाडी बाजूला ठेवल्यास, पंचवीसांपैकी सुमारे साडेदहा चौरस मीटर उरतात. न्हाणी व कोठार पश्चिमेस घ्यावे, म्हणजे मावळतीचे ऊन त्यांच्या भिंती सोसतील. उन्हाळ्यात वारा बहुधा पश्चिमेकडून वाहतो. म्हणून चूल पूर्वेस, म्हणजे धूर खोलीत येत नाही. उरलेली सर्व जागा ओसरीला द्यावी. खोली मोठी करण्यासाठी ओसरी कापणे हा या घरकुलांतील सर्वांत महाग दोष आहे, कारण गावकालात निम्मे कुटुंब ओसरीवरच झोपते.

पाया खणण्यापूर्वी जागेवर फक्कीने आखणी करावी, आखणीत घरातील प्रत्येकाची वाकळ प्रत्यक्ष अंथरून पाहावी, आणि चूल कोठे व न्हाणी कोठे हे गवंड्याने घरातील स्त्रीला विचारूनच खुंट्या ठोकाव्यात.