वारणाकाठचा पीसी आणि माझा बंद पडणारा सर्व्हर

परवाचा अख्खा शनिवार एका सर्व्हरने खाल्ला. दहा-पंधरा मिनिटं व्यवस्थित चालायचा, मग एकदम मुका. गंमत म्हणजे माझं आधीच उघडलेलं एसएसएच सेशन मस्त चालू, नवीन कनेक्शन मात्र लागेना! रीस्टार्ट करून झालं, नेटवर्कवाल्यांना शिव्या घालून झाल्या. शेवटी कर्नलचा लॉग वाचला (जो सगळ्यात आधी वाचायला हवा होता). कनेक्शनची नोंद ठेवणारं टेबल भरलं होतं. शांतपणे सुरू असलेल्या कनेक्शनची नोंद लिनक्स मुळात ४,३२,००० सेकंद, म्हणजे चक्क ५ दिवस ठेवतो. जुनी मढी जागा अडवून बसलेली, गर्दी झाली की नव्याला दार बंद. गर्दी ओसरली की पुन्हा सुरू.

रात्री मामाला फोनवर हे सांगत होतो. मी कराडचा, मामाचं गाव शिराळा तालुक्यात. तो म्हणाला, "आरं, तुझा सर्व्हर थांबतो, तोडलेला ऊस थांबत न्हाई."

खरंच आहे. तोडलेला ऊस वाळतो, वजन घटतं, साखर घटते. त्यावरून आठवला वारणेचा 'वायर्ड व्हिलेज' प्रकल्प. १९९८ साली, मी पाळण्यातही नव्हतो बहुतेक, तात्यासाहेब कोरे यांनी उभ्या केलेल्या वारणानगरच्या सहकारी परिसरात तो सुरू झाला. कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतली ७० गावं, गावात पीसी, एनआयसीची मदत. शेतकऱ्याला बाजारभाव, शेतीसल्ला, इंटरनेट सगळं मिळणार, असं स्वप्न. स्वप्न वाईट नव्हतं. पण लोडशेडिंगच्या त्या काळात गावातला पीसी म्हणजे काय, हे आपल्याकडच्या माणसाला वेगळं सांगायला नको.

पुढे मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या बंगळूरच्या मंडळींनी, राजेश वीरराघवन, नागा यशोधर आणि केंटारो तोयामा यांनी, मला आवडलेली गोष्ट केली. नवीन पीसी आणले नाहीत. आधीचे कशासाठी वापरले जातात ते जाऊन पाहिलं. इंटरनेट वगैरे बाजूलाच होतं. काम चालायचं ते उसाचं टनेज, खताची उचल, हिशोब एवढंच. म्हणजे काही आकडे जाणार आणि काही आकडे येणार. त्याला पीसी कशाला? ७ गावांत ८ महिने त्यांनी तेच काम एसएमएसवर चालवून दाखवलं. गावातून ठरावीक साच्यातला मेसेज जायचा, कारखान्याकडच्या पीसीला जोडलेला फोन तो घ्यायचा, उत्तर परत मेसेजनेच. पीसीपेक्षा स्वस्त पडलं आणि शेतकऱ्यांनाही जास्त पसंत पडलं.

यातली इंजिनिअरिंगची मेख अशी. माझ्या वेबसर्व्हरला दोन्ही टोकं एकाच वेळी जागी लागतात, नाहीतर हस्तांदोलनच होत नाही. एसएमएसला लागत नाहीत. समोरचा फोन बंद असेल तर मेसेज कंपनीच्या सेंटरमध्ये थांबतो आणि फोन चालू झाला की पोचतो. लाईट जाणार हे गृहीत धरूनच जणू बनवलेली वस्तू!

रविवारी सकाळी टेबल मोठं केलं, ५ दिवसांचा १ तास केला. कुणीही टाईमआऊट बदलून गप्प बसला असता, मीही बसणार होतो. पण मग वारणेवाल्यांसारखं बघितलं, नक्की येतंय काय? निम्म्याहून जास्त विनंत्या रिपोर्टच्या होत्या, जे कुणाला त्या क्षणी नकोच होते. ते सगळे रांगेत टाकले, तयार झाले की मेल जाईल.

संध्याकाळी मामाला सांगितलं. तो म्हणाला, "मग शनिवारी काय केलंस?"