डेंकाली : नाव बदललेल्या देशाची गोष्ट

चित्रकथांतील काल्पनिक भूमींचा इतिहास पाहू जाता ग्रह आणि देश यांत एक महत्त्वाचा भेद करावा लागतो. सुपरमॅनचा जन्मग्रह १९३९ साली क्रिप्टॉन या नावाने वाचकांपुढे आला. त्यानंतर त्याचे रूप प्रत्येक पिढीने आपल्या मनाजोगते पालटले. १९७८ च्या चित्रपटात तो स्फटिकांचा, शुभ्र, थंड असा झाला. १९८६ साली जॉन बर्न यांनी तेथे भावनाशून्य, यंत्रवत समाज वसवला. २०१३ च्या ‘मॅन ऑफ स्टील’मध्ये स्वतःचाच गाभा पोखरून तो नाश पावला. या कोणत्याही बदलाविरुद्ध तक्रार करण्यास एकही क्रिप्टॉनवासी उरलेला नव्हता. पृथ्वीवर वसवलेल्या काल्पनिक देशाला मात्र ही मोकळीक नसते. त्याच्या नावात, त्याच्या माणसांत कोणाचे तरी खरे नाव, खरी माणसे डोकावत असतात. मराठी वाचकाच्या परिचयाचे असे उदाहरण म्हणजे वेताळाचे डेंकाली.

ली फॉक यांचा ‘फँटम’ १७ फेब्रुवारी १९३६ रोजी अमेरिकन वृत्तपत्रांतून सुरू झाला. या मुखवटाधारी नायकाला अतिमानवी शक्ती नाही. त्याचे सामर्थ्य आहे ते त्याच्याविषयीच्या समजुतीत. १५३६ साली चाच्यांच्या हल्ल्यातून वाचलेला एक युरोपीय तरुण किनाऱ्याला लागतो, रानातील बुटक्या बांदर लोकांचा आश्रय घेतो आणि दुष्टांच्या निर्दालनाची शपथ वाहतो. पुढे पित्यामागून पुत्र तोच वेश चढवतो आणि रानातील लोक समजतात की हा एकच अमर पुरुष आहे. कथेतील नायक या परंपरेतील एकविसावा.

ही कथा घडते त्या देशाचे आरंभीचे नाव ‘बेंगाली’ होते. चाचे ‘सिंग’ टोळीचे होते, आणि विसाव्या फँटमचा खुनी ‘रामा’ होता. ‘बांदर’ हे नाव किप्लिंगच्या ‘जंगल बुक’मधील वानरांकडून आलेले आहे, आणि त्या पुस्तकातले सिवनीचे रान तर नागपूरच्या उत्तरेस, आमच्या वर्ध्यापासून फार लांब नाही. थोडक्यात, फॉक यांनी हा देश रचला तो हिंदुस्थानविषयीच्या ऐकीव सामग्रीतून. पुढे साठीच्या दशकात हा देश आफ्रिकेत सरकला, त्याचे नाव ‘बंगाला’ असे रूढ झाले, आणि लोकांनी निवडलेला लुआगा नावाचा राष्ट्राध्यक्षही त्याला लाभला. वसाहती स्वतंत्र होत असताना या कल्पित रानालाही लोकशाही द्यावी लागली, हे लक्षणीय आहे. गुहेतला अमर रक्षक मात्र आपल्या जागी राहिला.

टाइम्स ऑफ इंडिया समूहाने मार्च १९६४ मध्ये ‘इंद्रजाल कॉमिक्स’ सुरू केले. १९९० पर्यंत चाललेली ही माला मराठीतही निघत असे. तिच्या संपादकांनी बेंगालीचे ‘डेंकाली’, सिंगचे ‘सिंगा’ आणि रामाचे ‘रामालू’ केले. हेतू उघड आहे : भारतीय वाचकाला स्वतःचे नाव चाच्याच्या वा खुन्याच्या तोंडावर चिकटवलेले दिसू नये. हीच अडचण पुढे पडद्यालाही जाणवली असावी. बिली झेन नायक असलेल्या १९९६ च्या चित्रपटात चाच्यांच्या टोळीचे स्पेलिंग बदलून ते ‘सेंघ’ केलेले आढळते. बंगालाचे रान त्या चित्रपटासाठी थायलंडमध्ये चित्रित झाले. अशा रीतीने हिंदुस्थानच्या सामग्रीवर उभारलेला देश कागदावर आफ्रिकेत आणि पडद्यावर आग्नेय आशियात जाऊन पोहोचला.

मराठीत आणखी एक बदल घडला आणि आमच्या मते तो अधिक दूरगामी होता. फँटमचा वेताळ झाला. वेताळ हा आपल्याकडे केवळ ‘वेताळपंचविशी’तला प्रेतात बसणारा जीव नव्हे, कोकणात, गोव्यात, अनेक गावांच्या वेशीवर तो रात्रीची गस्त घालणारा राखणदार देव आहे. या एका शब्दाने परक्या नायकाला ग्रामदेवतेचा अधिकार मिळाला. चार शतके एका गोऱ्या कुळाने रानातील माणसांच्या भाबडेपणावर चालवलेली सत्ता मराठी वाचकाला राखण वाटू लागली. भाषांतर म्हणून ही निवड अत्यंत चपखल आहे. पण तिच्या चपखलपणातच तिचा धोका आहे.

योगायोग असा की, फँटमच्या प्रारंभानंतर अडीच महिन्यांच्या आतच, ३० एप्रिल १९३६ रोजी, महात्मा गांधी वर्ध्याजवळच्या शेगावी राहावयास आले. तेही त्या गावाला बाहेरचेच होते. या गावाचेही नाव पुढे बदलले. पण कारण निराळे. बुलढाणा जिल्ह्यातील शेगावशी घोटाळा होऊन टपाल भलतीकडे जाऊ लागले, म्हणून १९४० साली ते सेवाग्राम झाले. खऱ्या गावाचे नाव पत्रे चुकतात म्हणून बदलते. काल्पनिक देशाचे नाव वाचक दुखावेल म्हणून बदलते. सेवाग्रामच्या नावबदलाची हकिकत तेथे येणाऱ्या कोणासही सांगता येते. डेंकालीचे जुने नाव मात्र वाचकापासून दूरच राहिले, आणि त्याबरोबर एक प्रश्नही दूर राहिला : ही भूमी कोणाकडे पाहून रचली गेली?

इंद्रजालच्या संपादकांना दोष देण्याचा आमचा हेतू नाही. मुलांच्या हाती द्यावयाच्या पुस्तकातून अपमान काढून टाकणे हे त्यांचे कर्तव्यच होते. पण त्यांनी काढला तो नावातला अपमान. नात्यातला तसाच राहिला. बुटके लोक भोळे राहिले, रक्षक गोरा व वंशपरंपरागत राहिला, आणि डेंकाली आपली नव्हे असे समजून आपण निर्धास्तपणे त्या रक्षकाच्या बाजूने वाचत गेलो. जी माणसे त्या कथेत राखली जात होती ती मूळ आराखड्यात आपणच होतो, हे नव्या नावामुळे दिसेनासे झाले.

भाषांतराच्या तासाला शब्दाला शब्द मिळाला की नाही याची चर्चा पुष्कळ होते. बेंगाली आणि डेंकाली ही दोन नावे फळ्यावर शेजारी शेजारी लिहिली, तर भाषांतर काय देते याच्याइतकेच ते काय झाकते याचाही विचार विद्यार्थ्यांपुढे ठेवता येईल. वेताळकथांची गोडी त्याने कमी होणार नाही. ती वाचताना आपण कोठे उभे आहोत एवढे मात्र कळेल.