घरगुती बिअरनिर्मिती

घरगुती बिअरनिर्मिती म्हणजे विक्रीसाठी नव्हे, तर स्वतःच्या उपयोगासाठी घरी अल्प प्रमाणात बिअर तयार करणे होय. अमेरिकेत १९७८ साली राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी स्वाक्षरी केलेल्या कायद्याने अशी बिअर संघराज्याच्या करातून मुक्त झाली आणि तेथे हा छंद फोफावला. महाराष्ट्रात मात्र परवान्याविना मद्यनिर्मिती हा १९४९ च्या दारूबंदी अधिनियमान्वये गुन्हा आहे.

नवशिके बहुधा माल्टच्या, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या जवांच्या, तयार अर्कापासून आरंभ करतात. अर्क पाण्यात मिसळून सुमारे तासभर उकळतात. हॉप्सची फुले आधी घातल्यास कडवटपणा येतो, शेवटी घातल्यास सुगंध. या गोड द्रावास ‘वर्ट’ म्हणतात. उकळीनंतर वर्टला स्पर्श करणारी प्रत्येक वस्तू निर्जंतुक असावी लागते, अन्यथा यीस्ट जोम धरण्यापूर्वीच इतर जंतू बळावतात. विरजणाचे भांडे अस्वच्छ असले की दही बिघडते, हे जाणणाऱ्यास याहून अधिक सांगावयास नको. वर्ट त्वरेने थंड करून त्यात यीस्ट मिसळतात. ‘एल’ प्रकारच्या यीस्टला साधारणतः १८ ते २२ अंश सेल्सिअस तापमान मानवते.

सर्वांत घातक ठरते ती बाटल्या भरण्याची घाई. बुडबुडे थांबले म्हणजे किण्वन संपलेच असे नाही. हायड्रोमीटरने मोजलेली घनता दोन-तीन दिवस स्थिर राहावी लागते. बिअर फेसाळ व्हावी म्हणून बाटलीबंद करताना लिटरमागे सुमारे ६ ग्रॅम साखर घालतात. किण्वन अपुरे असताना बाटली भरल्यास किंवा साखर अंदाजाने घातल्यास वायूच्या दाबाने काच फुटून गंभीर इजा होऊ शकते. त्यामुळे बिअरसाठीच बनवलेल्या जाड काचेच्या बाटल्या वापरतात.