उतरणारें विष

कपाळावरची आठी ही काळजीची खूण, असें आपण सहज म्हणून जातों. शरीरशास्त्र याहून रुक्ष भाषा बोलतें. भुवया जवळ ओढणारे लहान स्नायू वर्षानुवर्षें आंवळत राहतात, आणि वरची कातडी अखेर दुमडलेलीच राहते. ही दुमड सुईनें घालविण्याचा खटाटोप शंभराहून अधिक वर्षांचा आहे. त्यांतील नवल असें कीं, निरुपद्रवी समजल्या गेलेल्या पदार्थानें चेहरे नासविले, आणि जगांतील एका अत्यंत जहाल विषानें हा उद्योग नांवारूपास आणला.

१८९९ सालीं व्हिएन्नाचे शस्त्रवैद्य रॉबर्ट गेर्सुनी यांनीं व्हॅसलीन टोचून शरीरांतील उणीव भरण्याची युक्ति काढली. लौकरच नाकांत, गालांत, सुरकुत्यांखालीं पॅराफिनचें मेण भरण्याची लाट उसळली. मेण कुजत नाहीं व विरत नाहीं, हाच त्याचा गुण मानला गेला. आणि तोच घातक ठरला. मेण जागा सोडी, त्याच्याभोंवतीं कठीण गांठी बनत, आणि त्या काढणें महाकठीण होई. ग्लॅडिस डीकन या विख्यात सौंदर्यवतीनें नाकाची रेषा ग्रीक पुतळ्यासारखी व्हावी म्हणून ऐन तारुण्यांत मेण टोचून घेतलें. तें हनुवटीकडे सरकलें. पुढें १९२१ सालीं ती मार्लबरोची डचेस झाली खरी. पण रूप गेलें तें गेलेंच.

विषाची कथा याहून जुनी आहे. जर्मनींतील व्युर्टेंबर्ग प्रांतांत बिघडलेले सॉसेज खाऊन माणसें मरत. युस्टिनुस केर्नर या तेथील वैद्यानें अशा रोग्यांचीं टिपणें ठेवलीं, विषाचे थेंब स्वतः चाखले, आणि १८२२ सालीं असा तर्क मांडला कीं, अत्यल्प मात्रेंत हेंच विष अनावर हालचालींच्या व्याधींवर औषध ठरेल. केर्नर कवीहि होता; एरवीं असलें धाडस कोणास सुचावें! १८९५ सालीं बेल्जियममधील एलेझेल गांवीं एका अंत्यविधीस जमलेल्या वादकांनीं खारविलेलें डुकराचें मांस खाल्लें व तिघे दगावले. घेंटचे प्राध्यापक व्हान एर्मेंगेम यांनीं या घटनेवरून विष निर्मिणारा जंतु हुडकला.

केर्नरचा तर्क खरा करून दाखविला सान फ्रान्सिस्कोचे नेत्रवैद्य ॲलन स्कॉट यांनीं, तिरळेपणावर. १९८९ सालीं अमेरिकन सरकारनें त्यास मान्यता दिली. त्याआधीं, १९८७ सालीं, व्हँकूव्हरच्या नेत्रवैद्य जीन कॅरदर्स यांच्याकडे पापण्या घट्ट मिटण्याच्या व्याधीनें त्रस्त एक बाई येत असे. "यंदा भुवयांमध्यें कां टोचलें नाहीं?" अशी तिची तक्रार, तेथें टोचलें कीं चेहरा निश्चिंत दिसतो म्हणे! जीनबाईंचे पति त्वचारोगतज्ज्ञ होते. दोघांनीं १९९२ सालीं आपला निबंध प्रसिद्ध केला, आणि २००२ सालीं भुवयांमधील आठ्यांसाठीं अमेरिकेंत या औषधास परवाना मिळाला.

हें द्रव्य कांहीं भरत नाहीं; मज्जातंतूची आज्ञा स्नायूपर्यंत पोंचूं देत नाहीं, एवढेंच. तीन-चार महिन्यांत विष उतरतें, आठी परत येते. पापणी चुकून लोंबली, तर तीहि यथावकाश सांवरते. मेणाच्या काळीं चुकीला असा उतार नव्हता. अर्थात् सारी मदार मात्रेवर आहे. २००४ सालीं फ्लोरिडांत चौघांनीं सुरकुत्यांसाठीं परवान्याविना मिळविलेलें, प्रयोगशाळेपुरतें बनविलेलें जहाल विष टोचून घेतलें. चौघेहि लुळे पडून रुग्णालयांत गेले. त्यांतला एक, सुई हातीं धरणारा डॉक्टरच होता.