हिमगौरीची आई

हिमगौरी आणि सात बुटके यांची गोष्ट ठाऊक नाही असे मूल आज शहरात सापडणे कठीण. परंतु मुले जी गोष्ट सांगतात ती बहुधा पुस्तकातली नसते, पडद्यावरची असते. भायखळ्याच्या आमच्या शाळेतही तोच अनुभव. हिमगौरी जागी कशी झाली, असे विचारले की वर्गात खसखस पिकते आणि राजपुत्राच्या चुंबनाचे उत्तर येते. ग्रिम बंधूंच्या प्रचलित पुस्तकात ते चुंबन नाहीच! राजपुत्राचे सेवक काचेची पेटी खांद्यावरून नेताना ठेचाळतात, त्या हिसक्याने घशात अडकलेला विषारी सफरचंदाचा तुकडा बाहेर पडतो आणि मुलगी डोळे उघडते.

याकोब आणि विल्हेल्म ग्रिम यांनी जर्मनीतल्या कथा जमवून १८१२ साली छापल्या. त्या पहिल्या आवृत्तीत हिमगौरीच्या रूपाचा हेवा करणारी, तिच्या जिवावर उठलेली राणी ही तिची सख्खी आई आहे. १८१९ च्या दुसऱ्या आवृत्तीत जन्मदाती आरंभीच मरण पावते आणि सारे पाप सावत्र आईच्या पदरात पडते. पुस्तक मुलांच्या हाती जाणार, तेव्हा आईच्या नावाला डाग नको, असे ग्रिमांना वाटले असावे.

वॉल्ट डिस्ने यांचा बोलपट १९३७ च्या डिसेंबरात अमेरिकेत प्रथम दाखवला गेला. सावत्र आई त्यांनी तशीच ठेवली. बाकी पुष्कळ बदलले. पुस्तकात राणी तीनदा फसवायला येते: आवळायची नाडी, विषारी फणी आणि शेवटी सफरचंद घेऊन. पडद्यावर फक्त सफरचंद उरले. पुस्तकातले बुटके बिननावाचे. पण सात सारख्या आकृत्या प्रेक्षकाला वेगळ्या ओळखू येणार कशा? म्हणून प्रत्येकाला नाव, चाल आणि खोड मिळाली. त्यांचे घर पुस्तकात आधीपासूनच नीटनेटके आहे. बोलपटात ते धुळीने भरलेले, म्हणजे हिमगौरीच्या हाती केरसुणी देता येते. पुस्तकातल्या राणीला लग्नसमारंभात तापलेल्या लोखंडी जोड्यांत मरेपर्यंत नाचावे लागते. बोलपटातली कड्यावरून कोसळते, तिला कोणी मारीत नाही.

बदल करणे हा काही गुन्हा नव्हे. आजीही गोष्ट बदलतेच. पण ती समोरच्या मुलाचे तोंड पाहून बदलते. वर्गात एखादी मुलगी अशी असते, की जिची वेणी रोज सावत्र आईच घालते. आरशापुढच्या राणीचे वर्णन सुरू झाले की ती मान खाली घालून वहीकडे पाहू लागते. अशा वेळी मी १८१२ ची गोष्ट सांगतो. हेवा कोणाच्याही मनात शिरू शकतो, एवढेच तिच्यात असते. पडद्याला ती मुलगी दिसत नाही.

पुढे ही कला आपल्या मुंबईतही आली. १९५६ साली डिस्नेंकडे काम केलेले क्लेअर वीक्स फिल्म्स डिव्हिजनच्या कार्टून विभागात शिकवायला आले. मिशनरी आईबापांच्या पोटी त्यांचा जन्म भारतातच झालेला. त्यांच्या मार्गदर्शनाखाली १९५७ साली 'द बनियन डिअर' हा रंगीत पट तयार झाला. कथा जातकातली. वाराणसीच्या राजाच्या मुदपाकखान्यात रोज एक हरीण जायचे. एके दिवशी गाभण हरिणीची पाळी येते, तेव्हा मृगराज न्यग्रोध तिच्या जागी आपली मान ठेवतो. राजा द्रवतो आणि सर्व प्राण्यांना अभय देतो.

सांगणारे बहुधा इथेच थांबतात. आमची मुले मात्र राणीच्या बागेत हरणे पाहतात, तशीच मे महिन्यात कोकणातही जाऊन येतात. ती विचारतात, "सर, मग शेतातल्या पिकांचं काय?" जातकाने हा प्रश्न टाळलेला नाही. हरणे पिके खातात, शेतकरी गाऱ्हाणे नेतात, राजा वचन मोडत नाही. तेव्हा न्यग्रोधच आपल्या कळपाला पिके खायची मनाई करतो आणि शेतकऱ्यांना शेताभोवती पानांची खूण बांधायला सांगतो.

वाचकहो, दिवाळीच्या सुटीत मुलांना बोलपट जरूर दाखवा. पण रात्री दिवा मालवण्यापूर्वी तीच गोष्ट एकदा तुमच्या तोंडाने सांगा. आणि मधेच कोणी काही विचारले, तर घाई न करता थांबा.